माझं नाव रोहन

शर्मिलाच्या वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायला बंदी होती. कोथरूडच्या त्या महापालिकेच्या शाळेत बाकीच्या वर्गांतून दुपारी सुलेखनाचा तास चालायचा, मुलं मुकाट्याने पानं भरायची, आणि तिच्या पहिलीत मात्र मंडईत असावा तसा कलकलाट असायचा. मुख्याध्यापक दारातून डोकावून जायचे, पण बोलायचे काही नाहीत. वर्षाच्या शेवटी धडाधड वाचणारी मुलं याच वर्गातून बाहेर पडतात, हे त्यांना ठाऊक होतं.

ती सुरुवातीपासून अशी नव्हती. नोकरीला लागली तेव्हा तिनेही सगळ्यांसारखंच शिकवलं. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग फळ्यावरचा धडा वहीत. वाचनाचा तास वेगळा, लेखनाचा वेगळा, आणि एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. त्या वर्गात दिगंबर नावाचा मुलगा होता. अक्षर छापल्यासारखं. शर्मिला त्याची वही शिक्षकांच्या खोलीत नेऊन कौतुकाने दाखवायची. एकदा सहज ती त्याला म्हणाली, "लिहिलंस ते वाच बघू."

दिगंबरने वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला एक शब्द वाचता येत नव्हता. तिने वही हातात घेतली तेव्हा दिसलं, की 'बदक' या शब्दावरून एक तिरकी रेघ गेली आहे. फळ्याला तिथे चरा पडलेला होता. दिगंबरने तो चराही मन लावून काढला होता.

तेव्हापासून तिने रीत बदलली. मुलं बोलायची, ती त्यांचंच बोलणं फळ्यावर लिहायची, आणि मुलं ते वाचायची. आपणच बोललेलं असल्यामुळे ती फार अडत नसत. पुढे ती स्वतःच लिहायला लागत, वेलांटी चुकली तर चुकली. मग एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून दाखवायचं. वाचताना तो अडला की लिहिणारा उठून भांडायचा, आणि भांडता भांडता आपण काय गाळलंय ते त्याला स्वतःलाच दिसायचं. वाचायचं ते आपणच लिहिलेलं आणि लिहायचं ते कुणीतरी वाचणार म्हणून, एवढंच तिचं सगळं शास्त्र होतं.

टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा उंच इमारती उठत होत्या. वर्गातली निम्मी मुलं तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतून यायची. त्यांतली हिरा सहा महिन्यांत लिहिती झाली. एकदा तिने पाटीवर लिहिलं: 'माझा बा सातव्या मजल्यावर आस्तो. मी खालून हाक मारते. त्याला आयकू येत नाही.' शेजारच्या मुलाने ते मोठ्याने वाचलं. शर्मिलाने ते तीन दिवस पुसू दिलं नाही.

तिचा स्वतःचा मुलगा चेतन त्याच वर्षी पहिलीत होता. तिच्या शाळेत नव्हे. सोसायटीच्या दारात सकाळी सातला पिवळी बस यायची, त्या बसने तो इंग्रजी शाळेत जायचा.

मूल इंग्रजी शाळेतच जाणार, हे धम्मदीपने, तिच्या नवऱ्याने, लग्न झालं त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. धम्मदीप हिंजवडीच्या एका कंपनीत होता. मराठी शाळेतून इंजिनीअरिंगला गेलेला. तिथल्या तोंडी परीक्षेत तो अडखळला तेव्हा परीक्षक म्हणाले होते, मराठीत सांगा, आम्ही हसणार नाही. त्याने मराठीत सांगितलं आणि ते हसले. आजही कंपनीतल्या मीटिंगला जाण्याआधी तो आपली चार वाक्यं गाडी लावताना पुटपुटून पाठ करायचा. "माझं पोरगं वाक्य पाठ करून बोलणार नाही," तो म्हणाला होता.

पण सगळं त्याच्या माथी मारणं खोटं झालं असतं. शाळेच्या प्रवेशासाठी पहाटे रांगेत शर्मिलाच उभी राहिली होती. नव्या सोसायटीत राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी गोड आवाजात विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारलं होतं, जणू पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं. मग गणपतीच्या कार्यक्रमात चेतनने इंग्रजी कविता म्हटली. काकूंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि पुन्हा आडनाव विचारलं नाही. त्या संध्याकाळी शर्मिलाला जे समाधान वाटलं, ते वर्गातल्या कुठल्या मुलाच्या वाचण्याने कधी वाटलं नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही.

दिवाळीनंतर शिक्षण मंडळाने पहिली-दुसरीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलं आणि तिला बोलावलं. वाचन आणि लेखन एकत्र कसं शिकवायचं, ते करून दाखवा म्हणाले. ती मुलांच्या पाट्या घेऊन गेली. हिराची तीन वाक्यं तिने फळ्यावर लिहिली, चुकांसकट, आणि मुलीने 'ऐकू' असं का लिहिलं नाही, 'आयकू' का लिहिलं, ते समजावलं. मूल कानाने ऐकतं तसं लिहितं. रोज वाचत गेलं की डोळा आपोआप सुधारून घेतो. लोक खरोखर ऐकत होते. टाळ्याही झाल्या.

मागच्या बाकावर कात्रजच्या शाळेच्या सुहासिनीबाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, सुती साडी, चष्मा दोरीला. त्यांनी हात वर केला.

"छान सांगितलंत. तुम्हाला मुलं आहेत का हो?"

"एक मुलगा आहे. पहिलीतच."

"अरे वा. मग तुमच्याच वर्गात असेल."

"नाही."

"मग कुठे?"

शर्मिलाने शाळेचं नाव सांगितलं. कुणीतरी हसू दाबलं.

"असं होय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे पद्धत चांगली आहे, पण आपल्यासाठी नाही." आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

त्या दिवशी घरी येताना ती बसमध्ये सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिने चहाही टाकला नाही. चेतनचं दप्तर ओढलं आणि वह्या काढल्या. आजवर तिने त्या वह्या बघितल्या नव्हत्या असं नाही. पण बघायची ते पानाखालचे तारे. आज तिने ओळी बघितल्या. वळणदार, एकमेकांत गुंफलेली इंग्रजी अक्षरं. पानापानावर तेच: माझे नाव रोहन आहे. मी मुलगा आहे. मला माझी शाळा आवडते. खाली लाल शाईत तारा आणि 'उत्कृष्ट'.

"चेतन, हे काय लिहिलंयस?"

चेतनने पानाकडे न बघताच एका दमात तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली.

तिने मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द कुठला?"

त्याने पुन्हा पहिल्यापासून तिन्ही वाक्यं म्हटली.

"एवढाच शब्द रे."

त्याने तिचं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला नेलं.

"रोहन कोण आहे?"

"माहीत नाही," चेतन म्हणाला. "तो फळ्यावर असतो."

"तुमच्या वर्गात आहे कुणी रोहन?"

"नाही. पण सगळे रोहनच लिहितात."

चेतनच्या वर्गात शेहेचाळीस मुलं होती. शर्मिला जमिनीवर वह्यांच्या मधोमध बसून राहिली. दुसऱ्यांच्या मुलांचं हे ती दारातून आत येता येता ओळखायची. आपल्याचं तिला दिसलं नव्हतं. खरं तर तिने पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला घरी घेऊन बसायला सुरुवात केली. त्याने सांगायचं, तिने लिहायचं, त्याने वाचायचं. आधी मराठीत. चेतनला पहिल्यांदा सांगताच येईना. काय सांगायचं ते तू सांग, म्हणायचा. मग एकदा त्याने बसच्या ड्रायव्हरकाकांचं सांगितलं. ते गाडी चालवताना शेंगदाणे खातात आणि टरफलं खिशात ठेवतात. तिने लिहिलं, त्याने वाचलं. 'टरफलं' या शब्दाला तो एवढा हसला की बाहेरच्या खोलीतून आजोबा बघायला आले. आजोबा म्हणजे धम्मदीपचे वडील दशरथराव, खडकीच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

"काय चाललंय?"

"आजोबा, मी वाचलं," चेतन म्हणाला. "माझं मी."

महिन्याभरात तो स्वतः लिहायला लागला. मग त्याला कळलं की इंग्रजी अक्षरंही अशीच आवाज करतात. तो ती जोडून मराठी लिहायला लागला. तिने रोखलं नाही. तिच्या वर्गात कुणी असं केलं असतं तर तिने त्याला खांद्यावर घेतलं असतं.

फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली: दोन्ही पालकांनी भेटावं.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत गार हवा होती. वर्गशिक्षिका शेफाली मिस भिंतीशी उभ्या होत्या. वीस-बावीस वर्षांची मुलगी, डोळे लाल झालेले. मुख्याध्यापिकेने एक पान पुढे सरकवलं. फळ्यावरून 'माझी शाळा' या विषयावरच्या पाच ओळी उतरवायच्या होत्या. चेतनने त्या न उतरवता इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलं होतं: 'मला बसमध्ये उलटी होते. मग मिस मला वर्गाच्या दारात बसवतात. रोहन कोण आहे?' शेजारच्या मुलाने ते वाचायचा प्रयत्न केला होता, जमेना तेव्हा चेतननेच वाचून दाखवलं होतं. मग आख्खा वर्ग 'रोहन कोण आहे' म्हणून ओरडत सुटला होता.

शर्मिलाने पान वाचलं. एकही आवाज चुकला नव्हता. तिला आधी अभिमान वाटला, आणि मग तिचं लक्ष पहिल्या ओळीवर गेलं. बसमध्ये उलटी होते हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिका इंग्रजीत बोलत होत्या. मुलगा सूचना पाळत नाही. वर्गाची शिस्त बिघडली. घरी कुणीतरी त्याला मराठीत शिकवतंय. हे आमच्या पद्धतीत बसत नाही. घरी इंग्रजीच बोला. जमत नसेल तर दुसरी शाळा बघावी, आमच्याकडे प्रतीक्षायादी मोठी आहे.

"तो आजारी पडतो बसमध्ये," शर्मिला मराठीत म्हणाली. "त्याला दारात बसवतात का?"

शेफाली मिसने ओठ हलवले. मुख्याध्यापिकेने शेफालीकडे पाहिलं, तशी ती पुन्हा भिंतीला टेकली. "तो प्रश्न आत्ता नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या, तेही इंग्रजीत.

धम्मदीप खुर्चीतून उठला. त्याला बसून बोलता आलं असतं, पण तो उठला. आणि त्याने इंग्रजीत माफी मागायला सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट गेलं. ते त्याने येताना गाडीत पाठ केलं असावं. दुसऱ्यात तो अडखळला. क्रियापद सापडेना. त्याने पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडला. मुख्याध्यापिका सौजन्याने वाट बघत होत्या. त्याच्या मानेवर घाम आला होता, त्या गार खोलीत. शर्मिलाला ते बघवेना. ती उठली आणि त्याचं वाक्य संपवायला म्हणून तीही म्हणाली, "सॉरी, मॅडम. पुन्हा होणार नाही."

परतताना कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबले तेव्हा तो म्हणाला, "समाधान झालं तुझं?"

सिग्नल सुटला. घरी पोहोचल्यावर ती बोलली. चेतन आत झोपला होता.

"अहो, काढूया त्याला तिथून."

"आणि कुठे घालूया?"

"माझ्या शाळेत. माझ्या वर्गात. पाचवीत गेल्यावर इंग्रजीकडे बघू. वाचता-लिहिता येणारं मूल कुठलीही भाषा शिकतं, हे मी तुम्हाला लिहून देते."

दशरथराव वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "शर्मिला, मी एकतीस वर्षं नोकरी केली. एक अर्ज माझ्या मनाने लिहिला नाही. साहेबाने नमुना द्यायचा, मी उतरवायचा. त्यावरच हे घर उभं राहिलं. नमुना बघून लिहिण्यात कमीपणा काय आहे?"

"कमीपणा नाही, बाबा. पण तुम्हाला वाचता येत होतं."

धम्मदीपने बुटांची नाडी सोडता सोडता वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुझ्या वर्गात घालू म्हणतेस. बरं. कुणाच्या शेजारी बसवशील? त्या हिराच्या? तिचा बाप विटा वाहतो, तिच्या डोक्यात उवा असतात असं तूच सांगत होतीस. उद्या सोसायटीत काकूंनी विचारलं, चेतन कुठल्या शाळेत, तर सांगशील? मोठ्याने? सांग हो म्हणून. मी आत्ता जाऊन दाखला आणतो."

तिने तोंड उघडलं. हो म्हणायला एक अक्षर लागत होतं. तिच्या डोळ्यांसमोर हिरा आली, बाकावर सरकून जागा करून देणारी, आणि तिच्या शेजारी आपला चेतन. आणि तिला ते नको होतं. हिराचा तिला लळा होता, हिराची पाटी तिने शंभर शिक्षकांना दाखवली होती, पण तिला ते नको होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर लावला.

धम्मदीप दाखला आणायला गेला नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शर्मिला चेतनला घेऊन बसली. पुढ्यात इंग्रजी वही, फळ्यावरून आणलेल्या पाच ओळी.

"आई, मी माझं लिहू?"

"नाही. हेच लिही. बघून."

"पण मला येतं माझं."

"माहीत आहे मला. हे लिही."

त्याने लिहिलं. एका ओळीत त्याने काहीतरी आपलं घुसवलं, ते तिने खोडरबरने पुसलं. तो रडला नाही. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, वर्गात नव्या बाईंकडे मुलं बघतात तसं, आणि पुढची ओळ जशीच्या तशी उतरवली. बसमधल्या उलटीसाठी तिने त्याच्या खिशात आवळासुपारी ठेवायला सुरुवात केली. तेवढंच तिच्या हातात होतं.

मार्चमध्ये टेकडीखालच्या इमारतीचं काम संपलं. एका सोमवारी वर्गातली सात मुलं आली नाहीत. हिरा त्यांत होती. कुणी म्हणालं वाकडला गेली, कुणी म्हणालं गावाला. शर्मिला शाळा सुटल्यावर तिथवर जाऊन आली. पत्रे उचलून नेले होते, चुलीचे काळे दगड तेवढे पडले होते. वॉचमन नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये चेतनला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं. धम्मदीपने सुट्टी काढली, फोटो काढले. शर्मिलाने टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये मंडळाने तिला शहराच्या प्रशिक्षणासाठी नेमलं. आता आठवड्यातून एक दिवस ती वेगवेगळ्या शाळांत जाऊन शिक्षकांना शिकवायची. कात्रजला गेली तेव्हा मधल्या सुट्टीत सुहासिनीबाई चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले," त्या म्हणाल्या.

"खरंच बोललात तुम्ही."

"खरं बोलले म्हणूनच सांगते. माझा मुलगा माझ्याच वर्गात होता. पहिली ते चौथी. तुम्ही करता तसंच जवळपास मी तेव्हा करत होते, कुणी प्रशिक्षण न देता. सुरेख वाचायचा, लिहायचा. पुढे मराठीतच दहावी, मग कॉमर्स. मुलाखतीला गेला की इंग्रजीपाशी अडायचा. सतरा ठिकाणी गेला. आता दुधाची गाडी चालवतो."

शर्मिलाने कप खाली ठेवला.

"रोज पहाटे घरी आला की पेपर वाचतो. अग्रलेखासकट. आणि माझ्याशी बोलत नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "एकदाच बोलला. म्हणाला, तू तुझं तत्त्व माझ्यावर आजमावलंस."

"मग तुम्ही काय करायला हवं होतं?"

"मला ठाऊक असतं तर त्या दिवशी तुम्हाला विचारलं असतं का? मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी उत्तर द्याल." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "चला. घंटा झाली."

वर्गात चाळीस-बेचाळीस शिक्षक बसले होते. शर्मिलाने खडू घेतला आणि मूल बोलतं ते कसं लिहून घ्यायचं, ते कसं वाचून घ्यायचं, हे सांगायला सुरुवात केली. ती चांगलं सांगत होती; आता तिला सवय झाली होती. एक नवी शिक्षिका उठली. तिच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजीही शिकवावं लागायचं.

"बाई, हे इंग्रजीला चालेल का?"

"चालतं. मुलाला स्वतःचं काही सांगायचं असलं की कुठल्याही लिपीत चालतं."

"तुम्ही करून बघितलंय?"

"हो. एका मुलाबरोबर."

"मग?"

"वाचायला लागला. लिहायला लागला."

"आणि आता?"

सुहासिनीबाई मागच्या बाकावरून तिच्याकडे बघत होत्या.

"आता बंद केलंय," शर्मिला म्हणाली, आणि पुढची पाटी दाखवायला घेतली.